टाकीला गुडघे नसतात

बारा मार्च. रुपये ६,३७५. टाकी धरून ठेवणारे धातूचे कंस कापून पुन्हा जोडल्याचा खर्च. बिल हिशेब खात्यात माझ्या टेबलावर आलं, तेव्हा खाली सही भाऊजींची होती.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्या विमान कारखान्यात त्यांना सगळे 'खुर्चीवाले' म्हणतात. आमचं विमान शिकण्याचं: पुढे विद्यार्थी, मागे गुरुजी. गुरुजींची खुर्ची बसवण्यात भाऊजींची अख्खी नोकरी गेली. मग त्याच विमानातून हलकं लढाऊ जेट काढायचं ठरलं. पंखांखाली बॉम्ब, वैमानिक एकटा आणि मागच्या खुर्चीच्या जागी इंधनाची जादा टाकी. खुर्चीच नाही, तर खुर्चीवाले कशाला? भाऊजींना गोदामात पाठवायचं घाटत होतं.

भाऊजी तडक मुख्य साहेबांकडे गेले. "टाकी आम्ही बसवतो. तोल जमला नाही, तर गोदामाच्या किल्ल्या मागायला मीच येतो."

"बघा हं, शब्द दिलात," साहेब म्हणाले.

घरी ताईने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "गोदामात गेलात, तर घरी येऊन माझे डबे मोजत बसाल. काहीही करा, पण ती टाकी बसवा!"

टाकी बसली. विमान वजनकाट्यांवर चढवलं, प्रत्येक चाकाखाली एक. वजन घेणाऱ्या बाईंनी आकडे पाहिले आणि चष्मा वर केला.

"खुर्चीवाले, तुमचं विमान शेपटीवर बसतंय."

भाऊजी शिडी चढले, आत वाकले आणि टाकीच्या पुढे हात घातला. हात सहज आत गेला. ते खो-खो हसायला लागले.

"अरे, गुरुजींच्या गुडघ्यांना जागा सोडलीय आपण!"

खरंच तसं होतं. पुढे तेवढी जागा सोडायची, हे त्यांच्या माणसांच्या हातात इतकं मुरलं होतं की टाकीसाठीही सगळ्यांनी न बोलता ती सोडली. तेवढं इंधन मागे सरकलं आणि तोल गेला.

भाऊजी तसेच साहेबांसमोर उभे राहिले. "किल्ल्या मागू का?"

"आधी ती टाकी पुढे घ्या. गुडघे नाहीत तिला."

कंस कापले, पुढे जोडले. दुसऱ्या खेपेला बाईंनी चष्मा वर केलाच नाही, नुसती मान डोलावली. आठवड्याने विमान उडालं, वळलं, नाक सरळ ठेवून उतरलं. साहेबांनी गोदामाचा विषय पुन्हा काढला नाही. मी बिल चाचणी खर्चात घातलं. ते तिथलंच होतं.

"आता टाकीवाले म्हणायचं का?" मी विचारलं.

"खुर्चीवालेच म्हणा. माझी खुर्ची शाबूत आहे."

मग त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. खिशात सुटे नव्हते, म्हणून माझ्याकडून साठ रुपये घेतले.

ते साठ रुपये अजून आलेले नाहीत.