लेकीच्या अल्बममधलं शेवटचं गाणं

गेल्या मंगळवारी सकाळी चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या आमच्या क्वार्टर्समधून निघालो तो थेट ओरगडमला, लेकीच्या कंपनीच्या गेटवर जाऊन धडकलो. पायात घरातल्या चपला... हसायचं तर हसा, पण आधी ऐका.

आमची केतकी तिथे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, राहते तिकडेच पीजीत. मित्रांबरोबर तिने तमिळमध्ये रॉक अल्बम केला. लिंक पाठवली, सोबत एकच ओळ... ‘बाबा, नीट ऐका, यात सगळी मीच आहे.’

सकाळी फिरताना कानात लावला. रॉक म्हणजे मला नुसता दणदणाट, पण बावीस वर्षं इथे काढल्यावर तमिळ कळतं हो! आठ गाणी, एकाच मुलीची. पहिल्यात ती घरी फोन करून खिदळते. मग भांडणं, बंद खोली... आणि शेवटच्या गाण्यात ती इथल्याच, चेन्नईजवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरते. गळ्यापर्यंत पाणी, गिटार थांबते, नुसत्या लाटा. संपलं.

सगळी मीच आहे, म्हणाली होती ना! दहा वेळा फोन लावला, उचलेना. कामावर फोन लॉकरमध्ये ठेवतात हे मला ठाऊक आहे, पण तेव्हा डोकं कुठे चालतंय? बायकोला काही न सांगता तसाच निघालो. वाटेत देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.

गेटवरचा सिक्युरिटीवाला "सार, उक्कारुंग" म्हणत खुर्ची पुढे करत होता, मी कसला बसतोय! शेवटी केतकी आली. युनिफॉर्ममध्ये, चांगली धडधाकट. "बाबा, काय झालं? आई बरी आहे ना?" अल्बम दाखवत फोन तिच्यापुढे धरला.

तिने स्क्रीन बघून कपाळाला हात लावला. "अहो, शफल चालू आहे! ही एक गोष्ट आहे बाबा, ओळीने ऐकायची. पाण्याचं गाणं दुसरं आहे. शेवटी ती घरी फोन करते."

गणपतीत मंडळाची गाणी लावायचं काम माझ्याकडे, तेव्हापासून ते शफल तसंच राहिलेलं. म्हणजे अख्खी कादंबरी मी पानं पिसून वाचली की!

इतकं सुटल्यासारखं वाटलं... गेटवरच तिच्यावर ओरडलो आणि रडलोही. मग हळूच विचारलं, "पण ते दुसरं गाणं... खरं आहे का?"

ती म्हणाली, "मागच्या वर्षी होतं तसं. तेव्हा सांगता नाही आलं. आता बरी आहे बाबा, म्हणून तर गाणं झालं."

तिने हाफ डे टाकला. समोरच्या टपरीवर चहा घेत आम्ही आठही गाणी ओळीने ऐकली. दुसऱ्या गाण्याला तिचा हात धरला तो काही सोडवेना.

मागच्या वर्षी दर रविवारी मी विचारायचो, बरी आहेस ना? ती हो म्हणाली की फोन ठेवून द्यायचो. या रविवारी नाही ठेवला... पाऊण तास बोलत होती पोरगी. देवा, ती बोलतेय, एवढं मला पुरे आहे.