फोटोवरचा हार

मालिकेत माणसं मारायचं काम मी गेली बरीच वर्षं करते आहे. जिना, ट्रक, दरी, दुधात कालवलेलं विष. एखादा नट फारच नखरे करायला लागला की चॅनेलकडून निरोप येतो, ह्याला घालवा. मी घालवते. पुढे टीआरपी पडला की त्यालाच परत आणते. बाहेरची माणसं हसतात, असं कुठे असतं का म्हणून. हसा. रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसणारी तुमचीच आई असते.

ही गोष्ट ज्या मालिकेची, तिची सुरुवात सासऱ्याच्या मरणानंतर होती. म्हणजे सासरा कधी दिसणारच नव्हता, दिवाणखान्यात नुसता त्याचा हार घातलेला फोटो हवा होता. अशा फोटोसाठी कुणी नट घेत नाही. युनिटमधल्या कुणाचा काका नाहीतर आजोबा चालतो. अंधेरीच्या सेटवर शॉट लागला तेव्हा आर्टवाल्याला आठवलं की भिंत रिकामी आहे. तो धावत माझ्याकडे आला. ताई, घरात कुणी म्हातारं आहे का, जरा रुबाबदार? मी मोबाइल उघडला आणि बाबांचा फोटो दिला. चुलतभावाच्या लग्नातला, कोट घातलेला, मिशा विंचरलेल्या. बाबा जिवंत आहेत हे काय मला ठाऊक नव्हतं? पण मला त्यात काही वाटलंच नाही. बाबा टीव्हीवर दिसतील एवढंच डोक्यात होतं.

पहिला एपिसोड आम्ही तिघांनी भांडुपच्या घरी बसून पाहिला. भिंतीवर बाबा, गळ्यात चंदनाचा हार, समोर उदबत्ती. आई चिडली की थेट मालवणीवर येते.

"जित्या माणसाच्या फोटोक हार कोणी घातल्यान?"

"अगं, उलट आयुष्य वाढतं म्हणतात अशाने," मी म्हटलं.

बाबा हसत सुटले. गिरणी बंद पडल्यावर उरलेली नोकरी लिफ्टमनच्या स्टुलावर काढलेला माणूस तो, भिंतीवरून का होईना, सगळ्या महाराष्ट्राला दिसत होता. खाली उतरले की बिल्डिंगमधली पोरं विचारायची, काय काका, वर हवामान कसं आहे? झकास आहे, येतोस का, असं बाबा म्हणायचे. आई मालिका रोज बघायची, पण फोटो आला की मान फिरवायची. मला तिचा राग यायचा. शिकल्यासवरल्या मुलीची आई आणि हे काय, असं वाटायचं.

वर्ष होत आलं आणि बाबांचा दमा बळावला. मुलुंडच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा चार शब्द बोलले तरी त्यांना धाप लागत होती. डॉक्टर नीट समजावून सांगत होते, फुप्फुसं थकलीत, वय आहे, प्रयत्न करू. आईने सगळं ऐकून घेतलं. डॉक्टर गेल्यावर बाहेरच्या बाकावर बसून मला म्हणाली, "आदी तो हार काढ. बाकी माका काय सांगू नको."

मी ओरडले तिच्यावर. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, चार माणसांसमोर. दुसऱ्या दिवशी सेटवर गेले आणि पहिल्यांदा त्या भिंतीकडे नीट पाहिलं. चंदनाचा हार सुकत नाही, त्यामुळे वर्षभर तो कुणी बदलला नव्हता. मी आर्टवाल्याला म्हटलं, फोटो बदल. तो म्हणाला, ताई, वेड लागलंय का, सगळा महाराष्ट्र ह्या फोटोला ओळखतो. खरंच होतं ते. सून ह्या फोटोसमोर रडायची, मुलगा शपथ घ्यायचा, गणपतीत वादळ आलं तेव्हा हाच फोटो पडून काच फुटली होती. सगळं मीच लिहिलेलं. जेवणाच्या सुट्टीत स्टुलावर चढून मी हार काढला. पाच मिनिटांत असिस्टंट बोंबलला, कंटिन्यूइटीची वाट लागली, हार कुठाय? मुकाट्याने परत घातला.

म्हणजे हार उतरवायचा आता एकच रस्ता होता. मेलेला सासरा जिवंत परत यायला हवा होता, आणि त्याचं काम करणारा नट बाबांसारखा दिसणार नव्हता, म्हणून अपघातात त्याचा चेहरा गेलेला आणि ऑपरेशनने नवा आलेला हवा होता. ह्या ट्विस्टची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. नव्या लेखकांना सांगायचे, उपाशी राहा पण प्लास्टिक सर्जरी लिहू नका. चॅनेलच्या मीटिंगमध्ये मी त्याच ट्विस्टसाठी दीड तास भांडले. समोर बसलेली क्रिएटिव्हवाली माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. म्हणाली, ताई, हे फार जुनं नाही का वाटत? मी म्हटलं, जुनं आहे म्हणूनच चालतं यार, तू आपल्या आईला विचारून बघ. बाबांबद्दल एक अक्षर बोलले नाही. रडून मागितलं असतं तर त्यांनी गोड बोलून टाळलं असतं, हे मला माहीत होतं.

ट्विस्ट मंजूर झाला. पण चॅनेलला तो रविवारच्या महाएपिसोडसाठी हवा होता, तोही पुढच्याच्या पुढच्या रविवारी. शूटिंग लांबलं. इकडे बाबांच्या तोंडावर मास्क आला. आई रोज मी वॉर्डात शिरले की आधी माझ्या तोंडाकडे बघायची.

"काढलंस?"

उद्या, असं मी म्हणायचे. मंगळवारी मला उद्या म्हणवेना. "काढला गं," मी म्हटलं. "आज शूट झालं. दाखवतील नंतर." आई उठली आणि बाबांच्या कानाशी वाकून त्यांना काहीतरी सांगत बसली. त्या दिवशी बाबा चार चमचे पेज प्यायले. मास्क बाजूला करून तिच्याशी बोललेसुद्धा.

गुरुवारी सकाळी बाबा गेले.

शनिवारी घर पाहुण्यांनी भरलेलं असताना सेटवरून फोन आला. ताई, सॉरी, माहितीये तुमच्याकडे काय झालंय, पण आज फोटोचा सीन लागलाय आणि सासूचं काम करणाऱ्या मॅडमना वाक्य आवडत नाहीये. मी गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं. मग आईचंच वाक्य सांगितलं. लिहून घे म्हटलं, जित्या माणसाच्या फोटोला हार कुणी घातला? पलीकडचा म्हणाला, एक नंबर, ताई. मी आत येऊन पाहुण्यांना चहा दिला.

दहाव्याच्या दिवशी आर्टवाला भांडुपला आला. सेटवर आता त्या फोटोचं काम उरलं नव्हतं, म्हणून तो ती फ्रेम कापडात गुंडाळून घेऊन आला होता. घरात तोवर बाबांचा एक छोटासा फोटो ठेवला होता, पासपोर्टच्या मापाचा. आईने तो उचलून ठेवला, खुर्चीवर ही फ्रेम मांडली आणि स्वतःच्या हाताने झेंडूचा हार घातला. मी तिला अडवलं नाही. आता तो घालायचाच होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. तेरावं होईपर्यंत आमच्यात टीव्ही लावत नाहीत. संध्याकाळी आई म्हणाली, लाव. मावशी कुरकुरली, तरी लावला. टीव्हीच्या शेजारीच ती खुर्ची. पडद्यावर सासू भिंतीकडे गेली, आईचं वाक्य बोलली आणि बाबांच्या गळ्यातला हार ओढून काढला. संगीत वाजलं, सगळ्यांचे चेहरे तीन-तीनदा दाखवले. खुर्चीवर बाबा झेंडूच्या हारात तसेच होते. आईने ह्या वेळी मान फिरवली नाही. जाहिराती लागेपर्यंत बघत राहिली.

मग माझा हात धरून म्हणाली, "मंगळवारी तू हार काढलंस, म्हणान ते दोन दिवस गावले. पेज प्यायले, बोलले माझ्याशी. तुझो काय दोष नाय गो."

मला तिच्याकडे बघवेना. मी रिमोट हातात घेऊन आवाज कमी करत बसले.

"मंगळवारीच काढलंस ना?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "मंगळवारीच."