वटवट्याच्या पायातलं कडं

मी काही लिहिणारा नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि पक्ष्यांवर लिहावं एवढं मला कळतही नाही. तरी लिहितो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

बाबा साकोलीजवळच्या आमच्या गावतलावात मासे धरतात आणि जाळी पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, बाभळींवर वाळत घालतात. ओल्या जाळ्यांवर माश्या घोंगावतात. हिवाळ्यात त्या टिपायला अंगठ्याएवढा, हिरवट रंगाचा एक पक्षी येतो. आमच्याकडे त्याला नावच नव्हतं. कॉलेजातल्या सरांनी सांगितलं, हा वटवट्या. उन्हाळाभर हिमालयातल्या रानात राहतो, थंडीत इकडे उतरतो. मी प्रकल्पासाठी तोच घेतला.

एकाच्या पायात मला चकाकतं कडं दिसलं. सर म्हणाले, पक्ष्यांचे अभ्यासक ओळखीसाठी असं आकडे कोरलेलं कडं घालतात; ते आकडे फोटोत आले तर तो कुठून आला ते कळेल. चार दिवस मी मोबाइल घेऊन पाळीवर बसलो. आकडे काही येईनात. पाचव्या दिवशी प्रॅक्टिकल होतं. संध्याकाळी परतलो तर बाबांनी ते कडं माझ्या हातावर ठेवलं.

"जाळ्यात फसला होता तुहा वटवट्या. कोन्या पोट्ट्यानं पायात तार घातली होती. कात्रीनं कापलो न सोडून देलो."

जाळ्यात मासा सोडून दुसरं काही अडकलं, कासव असो की पाखरू, तर त्याच्या अंगावर धागाही न ठेवता सोडायचं, ही आमची रीत. हे मला ठाऊक होतं. कड्याचं मात्र मी बाबांना सांगितलंच नव्हतं. त्यांना काय कळणार, असं मला वाटलं होतं.

"कायले कापलं, बाबा? आता त्याले कोनी ओळखनार नाही."

"त्याची माय ओळखते ना त्याले," बाबा म्हणाले आणि जाळं शिवत राहिले.

दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

सरांनी कडी लावणाऱ्या अभ्यासकांना नुसते आकडे कळवले. उत्तर थेट उन्हाळ्यात आलं. मी ते दोनदा वाचलं. कडं तीन वर्षांपूर्वी उत्तराखंडातल्या डोंगरात लावलेलं होतं. त्यानंतर तो पक्षी कुणालाच दिसला नव्हता. सुटं कडं बहुधा मेलेल्या पक्ष्याचंच हाती येतं, म्हणून त्यांनी त्याच्या आकड्यांपुढे 'मृत' लिहिलं होतं, आणि तो कशानं मेला, हे आम्हालाच विचारलं होतं.