पेवातला दिवा

पेवाचं झाकण काढण्याआधी तातोबा चपला बाजूला ठेवीत, जमिनीवर तीनदा बोटं वाजवीत आणि भुईलाच विचारीत, "काय बाई, जागी हाईस का?"

हरिपूरला जमिनीखाली विहिरीसारखे खोल खड्डे खणून त्यांत हळद साठवतात, तीच पेवं. हळदीला वर्षानुवर्षं कीड लागत नाही, कारण आत हवा खेळत नाही. त्याच कारणाने पेव उघडल्याबरोबर उतरलेला माणूस जिवंत वर येत नाही.

युद्धाचे दिवस होते. शाळेला सुट्टी लागताच मी वाईहून कृष्णेच्या काठाकाठाने चालत निघालो होतो. गाव आवडलं की मुक्काम. हरिपूरला दोन दिवसांसाठी थांबलो आणि दहा दिवस राहिलो, ते तातोबांमुळे. पेवं उघडण्यात जन्म गेलेला, साठी उलटलेली, नखं कायमची पिवळी. पायाखालची भुई ते चालता चालता ओळखत. मोकळ्या माळावर थांबून म्हणत, "मास्तर, तुमी पेवावर हुबं हाईसा." मी दचकून बाजूला होई. "भिऊ नगा. निजलीया ती."

पेव उघडल्यावर ते सगळ्यांना लांब बसवत. हमाल कुरकुरत, "आवं तातबा, दिस मावळंपातुर बसवता का काय?"

"बस की रं. तुज्या बायकूला जाऊन काय सांगू मग मी?"

मग दोरीला पणती बांधून खाली सोडत. "दिवा हसला तर उतरायचं. रुसला तर पान खायाचं." पहिले उतरत ते स्वतः. दुसऱ्याला त्यांनी कधी पुढे धाडलं नाही. मी हे सारं देवळात बसल्यासारखा पाहत राही.

आता जे लिहितो ते मी माझ्या पत्नीलाही सांगितलेलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी एक अर्धं रिकामं पेव उघडलं होतं. पणती खाली गेली. तातोबा माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, दिवा हाय का बगा." मी वहीत त्यांचंच एक वाक्य उतरवून घेत होतो. मान वर न करता म्हणालो, "आहे."

कमरेला दोर बांधून तातोबा उतरले. दोर एकदम जड झाला. हमालांनी ओढून काढलं तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. पणती केव्हाच विझली होती. तोंडावर पाणी मारलं, छाती चोळली. फार वेळाने श्वास लागला.

हळदीचा व्यापारी ओरडला, "दिवा कुनी बगितला हुता?"

मी वहीत बोट घालून उभा होतो.

"मीच," तातोबा पडल्या पडल्या म्हणाले. "माजीच नजर चुकली."

"मग आता घरी बसा, तातबा. ह्यो जिवाचा खेळ हाय."

सगळं आयुष्य ज्यावर उभं होतं ते नाव माझ्यादेखत गेलं, आणि मी वही मिटून खिशात घातली.

दुपारी त्यांच्या घरी जाऊन पाय धरले. त्यांनी पाय आखडून घेतले. "उठा. तुमी न बगता बोललासा, त्ये खरं. पर मला खालचं दिसंना झालंय, दोन वरसं झाली. काम जाईल म्हनून कुनाला सांगितलं न्हाई. तुमी येक डाव लबाड बोललासा. मी रोज बोलत हुतो."

"मी व्यापाऱ्याला खरं सांगतो."

"मला कशाला सोडवता? उद्याच्याला कोन उतरंल त्येचा इचार करूया." त्यांनी तेव्हाच हमालांना बोलावणं धाडलं. मी मात्र गाव सोडलं. व्यापाऱ्याकडे गेलो नाही.

काही वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा तातोबा वारले होते. एक पेव उघडत होते. नव्या माणसाने चपला काढल्या, भुई वाजवली, पणती सोडली आणि मला हाक मारली, "पावनं, या हिकडं. दोगांनी बगायचं, दोगांनी वरडून सांगायचं. तातबानं घालून दिल्यालं हाय. स्वताची चूक समद्या गावाला सांगून घालून दिलं."

माझं नाव त्यात कुठेच नव्हतं.

मी काठावर गुडघे टेकले. खूप खाली, पिवळ्या अंधारात, इवलीशी ज्योत होती.

"हाय का दिवा?"

मी इतका वेळ बघत राहिलो की हमाल हसू लागले. पण मी ओरडेपर्यंत उतरलं कुणी नाही.