नाक वर केलेलं घर

माझ्या नवऱ्यानं संसार मांडायला विमान आणलं. हे मी सांगते तेव्हा सुना तोंडाला पदर लावून हसतात. हसा बाप्पा! तुम्हाला सिमेंटच्या घरात पाऊल टाकायला मिळालं, तुमचं काय जातं?

साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. पुसदला आम्ही थोरल्या दिराकडे राहत होतो, दोन खोल्यांत नऊ माणसं. हे ट्रक दुरुस्त करायचे. पहिल्या बाळंतपणाला मी ढाणकीकडे माहेरी गेले आणि मुलगी झाली. पोर बघायला आलेल्या यांना बाबांनी तोंडावर सांगितलं, "जवाईबुवा, आता सोताचं घर करा, मंग लेक पाठवतो." बाबा गवंडी. एकदा बोलले की बोलले, देवाचा बाप आला तरी ऐकायचे नाहीत.

पुढं हे नागपूरला ट्रकचं सामान आणायला गेले, आणि एका भंगारवाल्याच्या आवारात यांना पंख कापलेलं, मोडीत काढलेलं प्रवासी विमान दिसलं. झालं! आमच्याकडून सागवान घेऊन गेलेले ट्रक रिकामेच परतायचे. दोन ओळखीचे ड्रायव्हर गाठून यांनी ते दोन तुकड्यांत आणलं, यांच्या ट्रकदुरुस्तीच्या शेडमागच्या खडकाळ जागेत जोडलं, आतल्या खुर्च्या उपटल्या. पत्रा उन्हात तापू नये म्हणून वरून कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या बांधून शेणमातीनं लिंपून टाकलं. मग मला चिठ्ठी आली, घर तयार आहे. कसलं घर, ते लिहिलं नव्हतं. हुशार माणूस!

तीन महिन्यांची पोर घेऊन मी बाबांबरोबर एस.टी.नं निघाले. बाबांची अट अशी, घर पटलं तर लेक ठेवीन, नाही तर पाचच्या गाडीनं परत. मला परत जायचं नव्हतं. तीन महिने नवऱ्याचं तोंड पाहिलं नव्हतं, आता या वयात सांगायला लाज कसली?

पोचलो आणि माझ्या तोंडून निघालं, "माय व!" शेजारची म्हातारी तिथं आधीच हजर होती. तिनं मला हळूच विचारलं, "काय व, हे रातचं उडून गेलं तं?"

"तुमच्याच वावरात उतरवतो," मी म्हटलं.

दार शेपटीकडे होतं. आत शिरलो तर चढ! यांनी मोठ्या ऐटीत सासऱ्यासमोर पाण्याचा लोटा ठेवला. लोटा आडवा झाला, गडगडत खाली आला आणि माझे पाय धुऊन गेला. बाबांनी पिशवीत हात घातला. लग्नाला जाताना सुद्धा त्यांच्या पिशवीत सपाटी तपासायची पाणसळ असायची. ती काढून त्यांनी जमिनीवर ठेवली. आतला बुडबुडा पळत एका टोकाला गेला.

"हे काहून असं?"

हे छाती काढून म्हणाले, "मामाजी, या जातीचं विमान असंच उभं राह्यते. नाक वर, शेपूट खाली. आठ दिवस दगड रचले, तवा बरोब्बर साधलं."

आठ दिवस! मुद्दाम! नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा माणूस, आणि घरात पोळपाट कुठं थांबेल याचा विचार नाही. कपाळ माझं!

"चाल व पोरी," बाबा म्हणाले. "या घसरगुंडीवर माही लेक नांदत नसते."

यांचा चेहरा असा पडला की मला दयाही आली आणि रागही आला. दोघांचाही राग. मी पिशवीतून एक लुगडं काढलं, छताच्या दोन लोखंडी कड्यांना झोळी बांधली आणि पोरीला आत टाकलं. पोर लगेच निजली.

"बाबा, तुमचा ओळंबा उतारावर वाकडा लटकते का?"

"नाही."

"मंग पाहा, पोट्टी सरळ हाय. तिले घर पटलं. आता मले कायले नेता? जमीन वाकडी हाय तं सरळ करा, गवंडी कायचे तुम्ही?"

बाबांना हसू फुटलं. यांच्याकडे वळून म्हणाले, "जवाईबुवा, उडणाऱ्यानं नाक वर ठेवावं. याले आता बसाचं हाय. तुमचा जॅक आणा."

मग काय विचारता! हे शेपटीखाली जॅक लावून वीतभर उचलायचे, बाबा खाली दगड रचायचे. पुन्हा वीतभर, पुन्हा दगड. हे म्हणायचे "पुरे", बाबा म्हणायचे "अजून बोटभर". दोघं एकमेकांवर खेकसत होते आणि मला आत उभं राहून पायाखालचा उतार कमी होताना कळत होता. असं सुख मला पुढं पक्क्या घरातही मिळालं नाही. शेवटी बुडबुडा मधोमध थांबला. बाबांनी यांना नाही, मला बोलावून दाखवला. "नांद आता," म्हणाले.

पाचच्या गाडीला ते एकटे निघाले. मी दारात उभी राहिले. थोडं पुढं जाऊन त्यांनी वळून पाहिलं, मी हात हलवला. पुन्हा वळले, पुन्हा हलवला. तिसऱ्यांदा कळलं, ते माझ्याकडे बघतच नव्हते. शेपटीखालचे दगड खचतात का, ते बघत होते. आधी मला राग आला, म्हाताऱ्याला लेकीपेक्षा दगड मोठे! मग आठवलं, त्या दगडांवर आज त्याची लेक आणि नात निजणार आहे. मी दारातच भोकाड पसरलं.