पिंपळाभोवतीचा वन-वे

टक्कर झाली तेव्हा मी साइटवरच होते. ट्रॅक सुरू झाल्याची पहिलीच सकाळ. गळ्यात शिट्टी अडकवलेले गजभिये काका बाणाच्या दिशेनं येत होते. समोरून बोकडे काका बाणाच्या उलट येत होते. त्यांच्या हातात कुणाच्या तरी कुंपणातून तोडलेल्या जास्वंदीची पिशवी होती. दोघांपैकी कुणीही बाजू सोडली नाही आणि जास्वंद ट्रॅकभर पसरली. गजभिये काकांनी आधी शिट्टी वाजवली, मग बोकडे काकांना सावरलं आणि मग विचारलं, "वन-वेत काहून घुसले गा?"

गजभिये काका ट्रॅफिक हवालदार म्हणून रिटायर झालेले. नोकरी सुटली तरी शिट्टी सुटली नव्हती. बोकडे काका फुलं गोळा करत पुटपुटत राहिले, की पूजेची फुलं घेऊन पिंपळाला उलटी फेरी मारणारा माणूस या ले-आउटमध्ये अजून जन्मायचा आहे. मी वहीत 'युजर कॉन्फ्लिक्ट' असं लिहिलं. आमच्या धंद्यात भांडणाला असंच म्हणतात.

धंदा म्हणजे अर्बन डिझाइन. आर्किटेक्ट घर काढतो. घराबाहेर पडल्यावर माणसाला जे लागतं ते मी काढते, म्हणजे फुटपाथ, कट्टा, सावली, रस्ता ओलांडायची जागा. वॉकेबिलिटी हा आमचा लाडका शब्द. वस्तीत पायी फिरावंसं वाटतं का, आणि वाटलंच तर जिवंत परत येता येतं का, एवढाच त्याचा अर्थ.

नागपुरात प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतीला ले-आउट म्हणतात. या ले-आउटमधली बरीच मंडळी महाल या जुन्या वस्तीतून आलेली. महालात गल्ल्या अरुंद, पण दूध, भाजी, पानठेला, ओळखीची चार दारं, सगळं हाताशी. तिथं व्यायाम कुणी करत नव्हतं, तरी दिवसभर पाय चालूच असायचे. इथं रस्ते ऐसपैस झाले आणि कोथिंबिरीच्या जुडीलाही स्कूटर लागायला लागली. फुटपाथवर गाड्या उभ्या, रस्त्यावर कुत्री उभी. वय झालं की माणूस आधी स्कूटर चालवणं सोडतो आणि मग हळूहळू फाटकाबाहेर पडणंच सोडतो. त्याला वाटतं आपण थकलो. खरं तर त्याला जायला जागाच उरलेली नसते.

गजभिये काकांच्या बायकोचं, शांताकाकूंचं, तसंच झालं होतं. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. रोज चालला नाहीत तर पाय आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. काकू घरातल्या घरात हॉलपासून किचनपर्यंत चालायच्या, आणि किचनपर्यंत पोचल्या की काहीतरी खायच्या. चालण्यासारखी जागा एकच, ले-आउटमधलं मोकळं मैदान. त्या मैदानावर गाडीवाल्यांचा डोळा होता, कारण त्यांना पार्किंग हवं होतं. मैदान ज्या खात्याच्या ताब्यात होतं त्याचे इंजिनिअर साहेब सरळ बोलले. ट्रॅक करून देतो, थंडी संपायच्या आत पाहणीला येतो. म्हातारी माणसं चालताना दिसली तर मैदान तुमचं. नाही दिसली तर अर्ध्या मैदानात पार्किंग. ते काम आमच्या फर्मकडे आलं. शांताकाकूंनी माझा हात धरून सांगितलं होतं, की मॅडम, एवढी जागा गेली तर मी खाटेवरच जाईन.

ट्रॅक मी गोल काढला. बाण सरांनी काढले. सर म्हणजे आमच्या फर्मचे मालक, कॉलेजात असताना धावण्याच्या शर्यतीत भाग घेतलेले. भाग घेतला होता एवढंच ते सांगतात, निकाल सांगत नाहीत. स्टेडियममध्ये सगळे डाव्या हाताला वळत धावतात, म्हणून इथंही तसंच, असं त्यांचं म्हणणं. सगळे एकाच दिशेनं चालले की धक्काबुक्की होत नाही, हेही खरं. म्हणून जमिनीत पांढऱ्या टाइल्सचे पक्के बाण बसवले.

मैदानाच्या मधोमध पिंपळ होता. ड्रॉइंगवर तो म्हणजे एक हिरवं वर्तुळ आणि शेजारी 'एक्झिस्टिंग ट्री' एवढे शब्द. डाव्या हाताला वळत चाललं की झाड डाव्या हाताला येतं. देवळात असो, विहारात असो, प्रदक्षिणा घालताना मधली वस्तू उजव्या हाताला ठेवतात, हे नागपुरातल्या शाळकरी पोराला ठाऊक असतं. ऑफिसात आम्ही सगळे नागपूरचेच. पण हिरव्या वर्तुळाला कोण प्रदक्षिणा घालतो?

ले-आउटमध्ये काही घरं पिंपळाला पूजणारी, काही घरं त्यालाच बोधिवृक्ष म्हणणारी. झाडाखालच्या कट्ट्याला कोणता रंग द्यायचा यावरून आजवर सगळ्या बैठका मोडल्या होत्या आणि कट्टा बिनरंगाचाच राहिला होता. बाणाच्या बाबतीत मात्र दोन्हीकडचे लोक पहिल्यांदा एक झाले.

"विहारात आम्ही उजवीकडूनच फिरतो," शांताकाकू मला म्हणाल्या. "इथं उलटं काहून फिरू? झाड उजव्या हाताले पाहिजे."

मागे उभ्या असलेल्या बोकडे काकांनी मान हलवली. काकूंचं म्हणणं त्यांनी मान्य केल्याचं ले-आउटच्या आठवणीत नव्हतं.

गजभिये काका एकटे बाणाच्या बाजूचे. विहारात विहाराचा नियम आणि रोडवर रोडचा, असं त्यांचं धोरण. ते बाणाप्रमाणे जायचे, बाकी सगळे उलट, आणि त्यात त्यांची बायकोही. त्यामुळे नवरा-बायकोची गाठ एका फेरीत दोनदा पडायची. पहिल्या गाठीला काकू विचारायच्या, गिझर बंद केला काय. काका विचार करत पुढे जायचे. पिंपळाच्या पलीकडे पुन्हा गाठ पडली की उत्तर द्यायचे, नाही. त्यावरचं काकूंचं मत पुढच्या गाठीला कळायचं, आणि ते अख्ख्या मैदानाला कळायचं. घरी दोघं दिवसभर दोन खोल्यांत दोन टीव्ही लावून बसायचे, हे मला त्यांच्या सुनेनं सांगितलं. इथं मात्र संवाद हप्त्याहप्त्यानं छान चालला होता.

मला ते दिसत होतं, पण कळत नव्हतं. मला फक्त टकरी दिसत होत्या. पाहणीच्या दिवशी इंजिनिअर साहेबांसमोर कुणी आपटलं तर पार्किंग पक्कं, या धसक्यानं मी सरांच्या मागे लागले आणि सगळे बाण उलटे फिरवून घेतले. आता बाण आणि प्रदक्षिणा एकाच दिशेला. काकांनीही नियम बदलल्याचं मान्य करून दिशा बदलली. सर खूश, पिंपळ खूश.

आठवडा झाला नाही तोच मैदान ओस पडायला लागलं.

मी सकाळी जाऊन बघितलं तर चार-पाच माणसं लांब लांब अंतरावर एकामागे एक चाललेली. बाकीची कट्ट्यावर बसलेली. भरभर चालणारे मागून येऊन पुढे निघून जायचे, आणि हळू चालणाऱ्यांना तो अपमान वाटायचा. शांताकाकू कट्ट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. पाय पुन्हा सुजला होता. डॉक्टर रागावले होते.

"का बसलात काकू?"

"मंग काय करू? समोरच्याची पाठ पाहून राहिलो आम्ही. कोनाचं तोंड दिसत नाही. पाठीले काय विचारू, भाजी कोनती केली?"

गजभिये काकांची वेगळीच अडचण. "हिच्या मागं चाललो तर म्हणते, पाठलाग काहून करता. पुढं गेलो तर म्हणते, टाकून गेले. शेजारून चाललो तर ट्रॅक पुरत नाही." त्यांच्या गळ्यात शिट्टी होती, पण वाजवावी असं काही घडतच नव्हतं. मला त्यांची फार दया आली.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, बाण लोकांना आवडत नाहीत, काढून टाका. मी म्हटलं, सर, प्रश्न बाणाचा नाही. पण सरांनी फोनवर कंत्राटदाराला सांगून टाकलं होतं. त्यानं बाण फोडले, फोडलेल्या टाइल्स आणि माती यांचा ढीग मागच्या भिंतीपाशी बरोबर ट्रॅकवर घातला, उद्या उचलतो म्हणाला आणि साळ्याच्या लग्नाला काटोलला निघून गेला. लग्न आटोपलं तरी तो तिथंच राहिला, कारण सासऱ्याच्या संत्र्यांची तोड चालू होती. रोज फोनवर तो मला संत्री कशी आहेत ते सांगायचा. ढिगाबद्दल काही नाही.

पाहणीच्या दिवशी मी पोचले. ढीग जागच्या जागी. इंजिनिअर साहेब आलेले, सोबत ट्रॅक्टर. आणि मैदान भरलेलं.

मला आधी समजेचना. मग नीट बघितलं. माणसं फाटकापासून निघून ढिगापर्यंत जात होती. ढीग ओलांडता येत नाही म्हणून वळत होती आणि आल्या वाटेनं परत येत होती. जाणारे डावीकडून, येणारे डावीकडून, ही शिस्त कुणी लावली ते विचारायची गरज नव्हती. प्रत्येकाला प्रत्येकाचं तोंड दिसत होतं. बोकडे काका जास्वंदीची पिशवी हलवत गजभिये काकांना काहीतरी सांगत गेले आणि परत येताना बाकीचं सांगून गेले. शांताकाकू काठी टेकत ढिगाकडून येत होत्या.

"काकू, परत येताना झाड डाव्या हाताला येतं की," मी हळूच म्हटलं.

"फेरी पुरी होतेच कुठं?" काकू म्हणाल्या. "जाऊन वापस येतो. यात उलटं-सुलटं काही नाही."

हा निकाल दोन्हीकडच्या मंडळींनी आधीच मान्य केलेला होता. कट्ट्यावर बैठक झाली होती आणि ती मोडलीही नव्हती.

तेवढ्यात इंजिनिअर साहेबांनी ढिगाकडे बोट दाखवून ट्रॅक्टरवाल्याला खूण केली. मलबा उचला, मग पाहणी. ट्रॅक्टर आत शिरला आणि मैदानात शिट्टी वाजली. गजभिये काका एक हात वर करून ट्रॅक्टरसमोर उभे होते. ड्रायव्हरनं सवयीनं ब्रेक दाबला आणि सवयीनंच लायसन काढून दाखवलं.

"काका, बाजूला व्हा, मलबा आहे तो," साहेब म्हणाले.

"मलबा नाही साहेब. यू-टर्न होय," काका म्हणाले. "हा उचलला तर ही बाई पुन्हा खाटेवर बसते. मंग घरी मले एकट्याले चालवा लागते."

घर की टीव्ही, काय चालवायचं ते त्यांनी सांगितलं नाही. साहेबांनी एकदा काकांकडे, एकदा चालत येणाऱ्या काकूंकडे पाहिलं. नंतर ते स्वतःच फाटकापासून ढिगापर्यंत जाऊन आले. वाटेत चौघांनी त्यांना, तुमच्या मुलाचं लग्न झालं काय, असं विचारलं. परत आल्यावर त्यांनी ट्रॅक्टर परत पाठवला. पार्किंगचा विषय तिथंच संपला. मी कट्ट्यामागे जाऊन डोळे पुसले आणि सरांना फोन लावला.

ढिगाच्या जागी आता दोन बाकं आणि जास्वंदीचा वाफा आहे. जास्वंद मुद्दाम लावली, म्हणजे लोकांची कुंपणं वाचतील. सरांनी रिपोर्टमध्ये त्या जागेला 'टर्निंग नोड' असं नाव दिलं आणि ती कल्पना सुरुवातीपासूनच ड्रॉइंगमध्ये होती असं लिहिलं.

फोडलेल्या बाणांपैकी एक धड निघाला होता. तो गजभिये काकांनी स्वतःच्या फाटकाबाहेर सिमेंटमध्ये बसवला, टोक मैदानाकडे जाणाऱ्या जवळच्या वाटेकडे करून. शांताकाकू रोज सकाळी त्या बाणावर पाय देतात आणि विरुद्ध बाजूला वळतात. ती वाट लांबची आहे, पण तिच्यावर त्यांच्या दोन मैत्रिणींची दारं लागतात. आमच्या पुस्तकांत याला अनावश्यक वळसा म्हणतात आणि तो कसा टाळावा ते शिकवतात. ऑफिसात येणाऱ्या नव्या पोरांना मी तो धडा आता शिकवत नाही.