फणसाखालचं ठेशन

गाडी लेट असली की किस्से जमतात. आणि आमच्या स्टँडवर गाडी वेळेवर आलेली मी तरी पाहिली नाही! तेव्हा माल भरपूर आहे.

साठ साल उजाडायच्या आसपासची गोष्ट. मालवणहून फोंडाघाटमार्गे कोल्हापूरला जाणारी मोटार आमच्या गावात थांबायची. रेल्वे पार घाटापलीकडे, कोल्हापुरात. तरी गाव आमच्या स्टँडला 'ठेशन'च म्हणायचं. आणि मी, तिकिटं देणारा एकुलता एक क्लार्क, अर्थात ठेशनमास्तर! ठेशन म्हणजे एक फणस, खाली चिऱ्यांचा कट्टा आणि माझं टेबल. ऊन सरकेल तसं टेबल फणसाभोवती फिरायचं. एवढं वैभव, पण तेही बंद पडायची पाळी आली होती. तिथवर येतोच.

*

एकदा एक चाकरमानी मुंबईहून आला. कडक इस्त्री, डोळ्यांवर गॉगल. मला म्हणाला, "वेटिंग रूम कुठे आहे?"

कट्ट्यावर दाजी बसले होते. दाजी आमच्या देवळातले मानकरी, गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा.

"हीच ती," दाजी म्हणाले. "सावळेत फर्स्ट क्लास, उनात थर्ड. तुजा तिकीट खंयचा?"

चाकरमानी सावलीत सरकला.

*

म्हातारी जयूकाकी स्टँडसमोरच राहायची. गाडी दिसली की तिची हाक यायची, "बाबल, वायच थांब रे! पेज ऊन आसा!"

बाबल आमचा ड्रायव्हर. काकीने दिलेली पेज निवून पोटात जाईपर्यंत इंजिन बंद! एकदा घाटावरचा एक व्यापारी खवळला, "ही काय पद्धत झाली?" काकीने त्याच्याही हातात वाडगा दिला, वर भाजलेला सुका बांगडा.

पुढच्या खेपेला तोच बाबलला विचारत होता, "आज पेजेला थांबायचं ना?"

*

गाऱ्हाण्याची आमच्याकडे रीत अशी. दाजी मागणं बोलणार, जमलेले सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणणार. एकदा तसं म्हटलं की शब्द देवापुढे गेला. मागे घ्यायची कुणाची छाती नाही.

एक दिवस गाडी सुरूच होईना. दाजींनी बॉनेटवर नारळ ठेवला.

"बा देवा म्हाराजा, गाडयेक चालती कर!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि बाबलाच्या हातान ठेशनाक घंटा येवंदे!"

"व्हय म्हाराजा!" ओरडण्याच्या भरात बाबलही ओरडला!

गाडी सुरू झाली. बाबलने पुढे कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून रुळाचा एक तुकडा आणून फणसाला टांगला. आमच्यापर्यंत रेल्वे आली ती एवढीच, पण काय ठणठणीत वाजायची!

*

मग बातमी आली, एस.टी.चे मोठे साहेब येतायत, स्टँड बंद करायला. दोन मैलांवर, तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर थांबा आहे, मग इथे वेगळा कशाला? माझी बदली तर ठरलेलीच. पण जयूकाकीने, पोटुश्या बायकांनी, आजाऱ्यांनी तिठ्यापर्यंत चालायचं कसं?

साहेब आले. फणस पाहिला, टेबल पाहिलं, नाक मुरडलं. "याला स्टँड म्हणतात?"

दाजी नारळ घेऊन पुढे झाले. "सायबानू, पयल्यांदाच इलास. गाऱ्हाणा घालूक व्हया."

सगळा गाव जमलेला. साहेबांनी नाइलाजाने टोपी काढली.

"बा देवा म्हाराजा, सायबाच्या पोराबाळांक सुखी ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

"सायबाक मोठी बढती दी!"

"व्हय म्हाराजा!" आता साहेबांचेही ओठ हलले.

"तेंच्या वाटेतली इडापिडा टाळ!"

"व्हय म्हाराजा!" साहेब रंगात आले, डोळे मिटले.

"आणि सायब हंयसर चिऱ्यांचो पक्को स्टँड बांधतले, तेंका यश दी!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज साहेबांचा होता!

दाजींनी नारळ फोडला आणि अर्ध्या नारळाची कवड साहेबांच्या हातावर ठेवली. साहेबांनी डोळे उघडले. "अहो, मी असं कधी..."

"माका कित्याक सांगतास?" दाजी म्हणाले. "देवाक सांगा."

साहेबांनी खोबऱ्याकडे पाहिलं, फणसामागच्या देवळाच्या कळसाकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मास्तर, इकडे चिरे कुठले चांगले मिळतात?"